सतरावा ओटा

वखारआळीनं सुधारायचं मनावर घेतलं तेव्हा गटारातल्या गाळाच्या सगळ्यात जास्त टोपल्या तुळसानं उपसल्या, हे आज आळीत कुणी कबूल करणार नाही. नका करू. ज्यांनी पाहिलंय त्यांनी पाहिलंय. एकवीस सालच्या पुरानं महाडच्या ह्या सखल आळीची पार रया घालवली होती. दोन वर्षं उलटली तरी भिंतींवर पुरुषभर उंचीला चिखलाची रेघ तशीच, निम्म्या घरांना कुलपं, दिव्यांचे खांब वाकलेले, आणि गटार असं तुंबलेलं की पाहुणा आळीच्या तोंडाशीच नाकाला रुमाल लावायचा. पोरींची स्थळं दारात येऊन परत जायला लागली तेव्हा कुठे लोकांचे डोळे उघडले.

मग मंडळ निघालं, वखारआळी विकास मंडळ. अध्यक्ष झाले रावजी, पोलादपूरच्या खोऱ्यातले बागायतदार, म्हातारपणी महाडात घर बांधून राहिलेले. बोलणं कमी, पण शब्दाला वजन. चिटणीस विनोद, मोबाईलच्या दुकानाचा मालक, चाळिशीचा, जिभेवर सदा साखर. दर रविवारी घरटी एक माणूस, असा नियम. गटार मोकळं झालं, जुनी विहीर उपसली, खांब सरळ झाले, भिंतींना एकसारखा पिवळा रंग लागला. कुलपं उघडली, एका घरात दवाखाना आला. खोटं कशाला बोलायचं, काम झकासच झालं.

ह्या रविवारांना तुळसा न चुकता यायची. ती मूळची पोलादपूरच्या वरच्या डोंगरावरल्या धनगरवाडीची. ज्या पावसानं महाड बुडवलं त्याच पावसात तिच्या वाडीखालचा डोंगर चिरला, सरकारनं वाडी रिकामी केली, आणि लोक वाट फुटेल तिकडे पांगले. पुढच्या वर्षी नवरा नाथू तापानं गेला. उरली ती आणि चांदी नावाची एक म्हैस. म्हशीला घेऊन ती महाडात दारोदार फिरली, तर म्हैस म्हटल्यावर लोक दार लावून घ्यायचे. चंद्रभागाकाकींनी तेवढं लावलं नाही. काकी विधवा, एकुलता मुलगा राहुल डोंबिवलीला, घरामागे सासऱ्याच्या काळची रिकामी वखार. म्हणाल्या, बांध म्हैस, तूही राहा, मला तरी बोलायला कोण आहे. तेव्हापासून आळीतल्या अकरा घरांत चांदीचं दूध जायला लागलं. मंडळाच्या यादीत तुळसाचं नाव नव्हतं. पण टोपली उचलताना नाव विचारतो कोण?

पुढे शहरात 'सुंदर आळी' स्पर्धा जाहीर झाली आणि विनोदच्या अंगात आलं. त्यानं नकाशा काढून आणला. आळी सरळ रेषेत हवी, खाली पेव्हर ब्लॉक, मधे मधे बाकं, आणि त्यासाठी प्रत्येक घरापुढचा ओटा तीन फूट मागे घ्यायचा. घरं सतरा, ओटे सतरा. सोळा जणांनी माना डोलावल्या. काकी नाही म्हणाल्या. ओटा त्यांच्या जागेत होता, सिटी सर्व्हेच्या कागदावर होता, रस्त्यात एक बोटही नव्हता. ह्याच ओट्यावर नवरा तागडी घेऊन बसायचा. आता त्या तिथे तांदूळ निवडायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सुनेची ख्यालीखुशाली विचारायच्या, पोरांच्या परीक्षा विचारायच्या. सगळा दिवस त्यांचा ओट्यावर. विनोद समजवायला आला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "ओटा गेला तर मी बसू कुठे? आत भिंतीकडे तोंड करून?"

त्यावर कुणी भांडलं नाही. कुणी आवाजही चढवला नाही. वाळीत टाकणं हा शब्द आता रायगडात कुणी उघड उच्चारत नाही, त्यावर कायदा झालाय, केस होते, हे विनोदला चांगलं ठाऊक. म्हणून बैठकीत तो म्हणाला की बहिष्कारबिहिष्कार काही नाही हं, फक्त संपर्क जरा कमी ठेवायचा. संपर्क कमी झाला म्हणजे काय झालं ते ऐका. आळीच्या मोबाईल-ग्रुपमधून काकी गेल्या. गणपतीत वर्गणीचं पुस्तक त्यांच्या दारावरून न थांबता पुढे गेलं, आणि काकी हातात नोट घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. आरतीचा प्रसाद शेजारपर्यंत आला, तिथून उडी मारून पलीकडे गेला. पोरांचा चेंडू त्यांच्या ओट्यावर पडला तर पोरं नवा चेंडू आणायची, पण उचलायला यायची नाहीत. पोरांना हे कुणी शिकवलं? काकी ओट्यावर बसून राहायच्या, आणि समोरून जाणारा माणूस त्यांच्या अंगावरून नजर सरकवून पुढच्या घराकडे बघायचा. असे सात महिने. सात महिने, बाबांनो.

आणि मग दूध. आधी तीन घरांनी बंद केलं, मग पाच, आणि शेवटी अकराही. विनोदची बायको सुरेखा तुळसाला दारात म्हणाली, तुझ्याशी आमचं काही नाही गं, पण दूध त्या घरातून येतं ना. तुळसा रोज किटली घेऊन पायी नाक्यावरच्या डेअरीत जाऊ लागली, तिथे मिळेल त्या भावात ओतून यायची. चांदीच्या पेंडीचे वांधे झाले. म्हैस गेली तर तिच्याकडे दुसरं होतं काय? डोंगरावर परत जायला डोंगर उरला नव्हता. ही वखार आणि ही आळी सुटली की तिला टेकायला जागा नाही, हे तिला पक्कं कळत होतं. 

तेव्हा तिला तिच्या वाडीची रीत आठवली. तिच्या सख्ख्या चुलत्याला गावकीनं एकदा चराईच्या भांडणावरून आठ महिने वाळीत टाकलं होतं. ते मिटलं कसं, तर नारळ ठेवून. ज्याला टाकलेलं असतं तो स्वतः येत नाही, कारण त्याची मान वाकत नाही. त्याच्या घरातली एखादी बाई येते, गावकीपुढं नारळ ठेवते, हात जोडते. भांडणाचा शब्द काढत नाही. मुख्य माणसानं नारळ उचलला की झालं. दुसऱ्या दिवशी सगळी गावकी त्या घरी जाऊन पाणी पिते, आणि ज्यावरून भांडण झालं ती गोष्ट वर्षभर कुणी उकरून काढत नाही. म्हणजे काकींशी बोलणं सुरू होईल आणि ओटाही वर्षभर वाचेल. ह्या हिशेबात तुळसाला कुठेच खोट दिसेना. शिवाय रावजी पोलादपूरचे. तिच्या डोंगराच्या पायथ्याचं गाव त्यांचं, त्यांचे वडील गावकीचे मुख्य होते, तिचा बाप त्यांच्या घरी तूप घालायचा. ही रीत रावजींना माहीत नाही असं होणंच शक्य नव्हतं.

काकींना तिनं सांगितलं नाही. काकींनी वाकूच दिलं नसतं. तिनं मनाशी म्हटलं, मी ह्या घरचं मीठ खाते, मग मी घरातली नाय तर कोण?

रविवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढे मंडळाची बैठक भरली होती. तुळसा धुतलेलं लुगडं नेसून गेली, रावजींच्या पुढ्यात शेंडीचा नारळ ठेवला, हात जोडले आणि मान खाली घालून उभी राहिली.  शहरातल्या मंडळींना काही कळलं नाही. रावजींना कळलं. त्यांनी नारळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत ओळख पटल्याची खूण तिला स्पष्ट दिसली. मग त्यांनी दोन्ही हातांनी नारळ उचलून मांडीवर घेतला. तुळसाच्या डोळ्यांना धारच लागली.

विनोद पुढे सरकला. त्यानं रावजींच्या कानाशी काहीतरी विचारलं, रावजी काहीतरी पुटपुटले, आणि विनोदचा चेहरा हळूहळू खुलला. पोलीस चौकशी झाली तरी चालेल असा कागद सात महिने त्याला हवा होता, तो स्वतःच्या पायांनी चालत आला होता.

"तुळसाबाई, हा नारळ कुणातर्फे?" त्यानं अगदी मायेनं विचारलं.

"काकीच्या घरातर्फं."

"म्हणजे घराचं आता मंडळाशी काही भांडण नाही?"

"काय नाय. झालं गेलं मिटलं."

त्यानं वहीत लिहिलं. घर क्रमांक नऊतर्फे सुधारणेस संमती, हरकत मागे. खाली सही मागितली. तुळसा साक्षरतेच्या वर्गात सही करायला शिकली होती आणि तिला त्याचा अभिमान होता, अंगठा म्हटलं की तिला राग यायचा. तिनं बारीक डोळे करून, जीभ दाताखाली धरून स्वतःचं नाव काढलं. वर काय लिहिलंय ते वाचण्याइतकं वाचन तिला येत नव्हतं, आणि गावकीत लिहितात कुठे? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निघताना ती रावजींना म्हणाली, "बाबा, उद्या पाणी प्यायला या." रावजी अंगठ्यानं नारळाची शेंडी कुरवाळत होते. म्हणाले, "येऊ."

सकाळी तुळसानं तांब्याचा हंडा चिंचेनं घासून लख्ख केला, डझनभर पेले मांडले. काकींनी विचारलं, कोण यायचंय? तुळसा नुसती हसली, म्हणाली, काकी, बघाच तुमी. तिचा आनंद बघून काकींनाही काहीतरी चांगलं होणार असं वाटलं, आणि त्यांनी बाहेर नेसायचं जांभळं लुगडं काढलं. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी वेणी नीट घातली.

नऊ वाजता मंडळी आली. पुढे रावजी, बाजूला विनोद, मागे दहाबारा माणसं, बायका दारादारांत. आणि सगळ्यांच्या मागे धुरळा काढत छोटा जेसीबी. तुळसाला तो दिसला, पण तो ह्या घरासाठी असेल हे तिच्या डोक्यात शिरलंच नाही. ती पाण्याचं तबक घेऊन पुढे झाली. विनोद पाणी प्याला. रावजीही प्याले, रिकामा पेला तबकात नीट ठेवला. मग पिशवीतून तिचाच नारळ काढला आणि काकींच्या ओट्याच्या कोपऱ्यावर आपटून फोडला.

काकी म्हणाल्या, "हे काय चाललंय?"

विनोदनं वही पुढे धरली. काकींनी चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं. मग सहीवर बोट ठेवून तुळसाकडे बघितलं. तुळसाच्या हातात अजून पाण्याचं तबक होतं. काकी काही बोलायच्या आत विनोदनं त्यांचा दंड धरून त्यांना उंबऱ्याच्या आत नेलं, अगदी हळुवार, म्हाताऱ्या माणसाला लागू नये म्हणून. तीन पिढ्यांचा ओटा पाव तासात आडवा झाला. तीन फूट ठरलं होतं, पण दगड जुने निघाले, सगळाच गेला.

तुळसा रावजींना आडवी गेली. "बाबा, तुमाला ठावं हाय तो नारळ कशाचा व्हता."

"ती डोंगरावरची रीत," रावजी म्हणाले. "हे शहर आहे." वर म्हणाले, "आणि तू त्या घरातली कुठे? तू भाडोत्री."

"घरातली नाय तर मग माझी सही कशी चालली?"

 रावजींनी हातातली करवंटी जेसीबीवाल्याला दिली आणि ते घराकडे वळले. ज्या माणसाला सगळं ठाऊक असतं आणि जो गप्प बसतो, त्याचा राग विनोदसारख्यांपेक्षा जास्त येतो. येऊ द्या.

संध्याकाळी सुरेखा आळीतल्या बायका घेऊन काकींकडे भेटायला आली. ओट्याच्या जागी माती होती, ती ओलांडून सगळ्या आत गेल्या. सुरेखानं काकींना मिठी मारली, म्हणाली, काकू, किती वाळलात तुम्ही. आणि काकी रडल्या. तुळसाला वाटलं होतं की त्या आता ह्या बायकांना दाराबाहेर काढतील, पोलिसात जातील, राहुलला बोलावतील. काकींनी चहा टाकला. सोळा घरांच्या बायकांना पुरेल एवढा चहा, आलं घालून. मागच्या खिडकीतून तुळसाला त्यांचा आवाज ऐकू येत होता, कुणाच्या नातीचं नाव काय ठेवलं, कुणाचा गुडघा कसा आहे, एकामागून एक सगळं विचारत होत्या, सात महिन्यांचं साठलेलं. अडुसष्टाव्या वर्षी बाई एकटी सोळा घरांशी वैर धरून राहू शकत नाही. तिला त्यांच्यातच मरायचं असतं. पण झालेल्या अन्यायाचा राग कुठेतरी जायलाच हवा, आणि कागदाखाली नाव तर एकच होतं. सुरेखानं जाता जाता तेही बोलून ठेवलं, की आम्ही कधी जबरदस्ती केली नसती काकू, पण तुमच्या तुळसानंच येऊन नारळ ठेवला.

दुसऱ्या दिवशी तुळसा काकींच्या पायांशी जाऊन बसली. "काकी, मी तुमच्यासाठीच केलं. तुमच्याशी कोण बोलंना..."

"माझ्यासाठी?" काकी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. मान वर केली नाही. "तुझं दूध खपत नव्हतं म्हणून केलंस."

हे निम्मं खरं होतं, आणि म्हणूनच तुळसाच्या जिव्हारी लागलं. ती उठून वखारीत गेली, चांदीच्या मानेला डोकं लावून बसली. त्यानंतर काकी तिच्याशी बोलल्या नाहीत. तुळसा समोरून आली की काकींची नजर तिच्यावरून सरकून भिंतीवर जायची. कसं बघायचं नाही ते काकी सात महिन्यांत चांगल्या शिकल्या होत्या.

महिनाभरात ब्लॉक बसले, काकींच्या दारासमोर लोखंडी बाक आलं, आणि काकी मंडळावर आल्या. महिला प्रतिनिधी, विनोदची कल्पना. दूध पुन्हा सुरू होईल ह्या आशेवर तुळसा रोज सकाळी किटली घासत होती. पण मंडळाच्या पहिल्याच बैठकीत काकींनी स्वतः उठून विषय मांडला, की आळीत गुरं नकोत. शेणाचा वास येतो, माशा होतात, परीक्षक आले की शोभणार नाही. जनावर फक्त एकाच घरात होतं, त्यांच्याच. विनोदसुद्धा क्षणभर चपापला म्हणतात. ठराव झाला. काकींनी तुळसाला निरोप पाठवला तो दवाखान्यातल्या पोरीकडून, परीक्षक यायच्या आत वखार रिकामी कर.

तुळसा जागा शोधत फिरली. शेवटी दासगावच्या पलीकडे एका लांबच्या नातेवाइकानं गोठ्याचा कोपरा देऊ केला, आणि तोही नेमका परीक्षकांच्या दिवशीच मोकळा झाला. परीक्षक अकराला येणार होते. ती दहाला निघाली. एक गाठोडं डोक्यावर, एका हातात किटली, दुसऱ्या हातात काठी आणि चांदीचं दावं. पण मोठी माणसं कधी नव्हे ती वेळेआधी आली. आळीच्या तोंडाशी तुतारी वाजली, सतरा दारांत रांगोळ्या, विनोद मोबाईल धरून व्हिडिओ काढतोय, आणि समोरून म्हैस. तुतारीनं चांदी बिचकली, नव्या गुळगुळीत ब्लॉकवर तिचे खूर घसरले, आणि तिनं तिथेच, काकींच्या दारासमोर, शेण टाकलं.

 तुळसानं गाठोडं खाली ठेवलं, गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी शेण गोळा केलं, किटलीचं झाकण उघडून किटलीत भरलं. मग पदरानं ब्लॉक पुसले, सांधे बोटानं कोरून काढले. परीक्षकांत एक तरुण बाई होती, ती हे बघून भारावली. तिनं बाकावर बसलेल्या काकींना विचारलं, "ह्या तुमच्या आळीतल्याच का हो? किती मनापासून साफ करतायत."

विनोदनं तोंड उघडलं, पण काकी त्याच्या आधी बोलल्या.

"नाही. आमच्या आळीतली नाही ती. वाट चुकून शिरली असेल."

तुळसानं पहिल्यांदा वर बघितलं. काकी तिच्याकडेच बघत होत्या, सरळ डोळ्यांत. मग त्या उठल्या, दाराशी भरून ठेवलेली बादली उचलली आणि तुळसाचे हात जिथे टेकले होते तिथे ओतली. पाणी तिच्या पायांवरून गेलं. "पुढे हो बाई," काकी म्हणाल्या, दारात आलेल्या परक्या बाईला म्हणतात तशा.

तुळसा उठली, गाठोडं डोक्यावर घेतलं. पण चांदी पुढे येईना. तिनं मान वळवली आणि उलट फिरून वखारीच्या बोळाकडे चालायला लागली, कारण तिच्या मते घर तिकडे होतं. तुळसानं दावं ओढलं. चांदीनं खूर रोवले. आळीभर लोक बघत होते. तेव्हा तुळसानं काठी उचलली आणि चांदीच्या पाठीवर घातली. चांदीला तिनं कधी बोटही लावलं नव्हतं. आता ती मारतच सुटली, पाठीवर, मानेवर, तोंडावर, म्हैस हंबरून वळेपर्यंत. मग दोघी आळीबाहेर गेल्या.

परीक्षक बाईचा चेहरा उतरला. ती काकींच्या शेजारी बाकावर बसली आणि म्हणाली, "किती निर्दय असतात हो ही माणसं. मुक्या जनावराला कुणी एवढं मारतं?"

"हो ना," काकी म्हणाल्या, आणि तिला चहा घेणार का ते विचारलं.